तांड्याचा पेहराव आणि जगाची हौस

पाश्चात्त्य वेशभूषेच्या इतिहासात ‘बोहेमियन’ या नावाने ओळखली जाणारी शैली, म्हणजे चुण्याचुण्यांचा घोळदार घागरा, आरसे आणि कवड्या टाकलेली चोळी, नाण्यांचा कंबरपट्टा, कोपराच्या वर चढलेल्या बांगड्या आणि एकाच अंगावर बिनदिक्कत एकत्र आलेले पाच-सहा भडक रंग, ही गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा वर आली आणि तितक्याच वेळा ओसरली. प्रत्येक वेळी तिचा अर्थ एकच सांगितला गेला : हा बंधने झुगारलेल्या माणसाचा वेश आहे. मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांच्या बंजारा तांड्यांत या शैलीशी थक्क करणारे साम्य असलेला वेश अजूनही काही वृद्ध स्त्रियांच्या अंगावर दिसतो. परंतु तिथे तो कधीच बंधनमुक्तीचा वेश नव्हता. तो कुळाचा, सौभाग्याचा, वयाचा आणि पतीचा लेख होता, आणि त्यातील प्रत्येक टाक्याला व दागिन्याला नियम होता. जगाने ज्याला नियमांचा अभाव समजून डोक्यावर घेतले, ते वास्तविक एक काटेकोर व्याकरण होते, आणि ते वाचू शकणारी शेवटची पिढी आज तांड्यांत म्हातारी होत आहे.

‘बोहेमियन’ हा शब्द मुळातच एका गैरसमजातून जन्मला. पंधराव्या शतकात युरोपात भटकत आलेल्या रोमा लोकांजवळ राजा सिगिस्मंड याची अभयपत्रे होती, आणि त्याचा बोहेमिया या प्रांताशी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील भूभागाशी, संबंध होता. १४२७ मध्ये त्यांची एक टोळी पॅरिसजवळ आली आणि फ्रेंच लोकांनी त्यांना बोहेमियाचेच समजून ‘बोएमियाँ’ म्हटले. इंग्रजांनी त्यांना इजिप्तचे समजले आणि त्यातून ‘जिप्सी’ शब्द निघाला. दोन्ही देशांचा अंदाज चुकला होता, हे १७८०च्या दशकात जर्मन भाषाभ्यासकांनी दाखवून दिले : रोमा लोकांची भाषा भारतीय होती. तिच्यात पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मनुश’, नाकाला ‘नाख’ आणि काळ्याला ‘कालो’ म्हणतात, आणि मराठी वाचकाला हे शब्द समजण्यासाठी कोशाची गरज पडत नाही. रोमा आणि बंजारा हे एकाच कुळाचे, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, बंजाऱ्यांची गोरमाटी बोली राजस्थानीच्या जवळची आहे, आणि या दोन प्रवाहांना जोडणारा थेट पुरावा नसताना दोघांना भाऊ ठरवणे ही केवळ भावना आहे. वेशातील साम्य मात्र डोळ्यांना दिसते आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

१८४० च्या दशकात पॅरिसच्या गरीब चित्रकार-लेखकांना हेच विशेषण लावले गेले. आंरी म्युर्जे याच्या कथा १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्यांवरून पुच्चीनीने रचलेली संगीतिका १८९६ मध्ये तुरीन येथे रंगभूमीवर आली, आणि बोहेमियन म्हणजे भाडे थकलेला, परंतु मनाने स्वच्छंद कलावंत, हा अर्थ जगभर रूढ झाला. ज्यांच्यावरून हे नाव पडले, ते रोमा लोक त्या काळातही युरोपच्या गावागावांतून हाकलले जात होते, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांची लाखोंच्या संख्येने हत्या केली. नाव घेतले गेले, वेश घेतला गेला, माणसे मात्र वेशीबाहेरच राहिली. या शैलीच्या इतिहासातील ही पहिली आणि सर्वांत जड गोष्ट आहे.

मराठी साहित्यही या आकर्षणापासून दूर राहिले नाही. मंगेश पाडगावकरांच्या एका गाजलेल्या कवितासंग्रहाचे नाव ‘जिप्सी’ आहे आणि तेव्हापासून भटक्या मनासाठी मराठी सुशिक्षितांना हाच शब्द आठवतो, जरी गावकुसाबाहेर तांडा पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. याच्या उलट डॉ. श्रीराम लागू यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले, ते लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे नेऊन पोचवणारा, या अर्थाने. हा दुसरा वापर अधिक खरा आहे. ‘लमाण’ हा शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आणि ‘बंजारा’ हा शब्द वणज म्हणजे व्यापार यावरून आला, असे सामान्यतः मानले जाते; म्हणजे दोन्ही नावे धंद्याची आहेत, भटकण्याच्या हौसेची नाहीत. बैलाच्या पाठीवर गोणी लादून कोकणपट्टीचे मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य व कापूस दूरच्या पेठांत नेणारा हा समाज रेल्वेपूर्व भारताची मालवाहतूक व्यवस्था होता. वऱ्हाडचा कापूस शेकडो मैलांवरच्या मिर्झापूरला जात असे, तो त्यांच्याच बैलांवरून.

जालना परिसराशी त्यांचे नाते युद्ध आणि व्यापार या दोन्ही वाटांनी जडले. सतराव्या शतकात मोगल फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा त्यांना रसद पुरवणारे नाईक आपले लाखो बैल घेऊन सोबत आले, अशी बंजारा समाजाची परंपरा सांगते. पुढच्या काळाचा पुरावा लेखी आहे. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला, २१ तारखेला त्याची आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची बदनापूर येथे भेट झाली, आणि २३ तारखेला आजच्या जाफराबाद तालुक्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची ती प्रसिद्ध लढाई झाली. वेलस्लीच्या त्या काळातील पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ म्हणजे बंजारे यांचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो, कारण त्यांचे धान्य पोचले नाही तर पलटण उपाशी राहणार होती. तांडा ज्या सैन्यासोबत चाले, त्याच्याशी लढणारी बाजूही सहसा त्याला लुटत नसे, कारण उद्या तिलाही त्याच धान्याची गरज पडणार होती. बायका, मुले, जनावरे आणि घरदार घेऊन चालणाऱ्या या समाजाला घराची भिंत नव्हती. जे काही दाखवायचे, जपायचे आणि मिरवायचे ते अंगावर किंवा बैलाच्या झुलीवर असले पाहिजे, ही त्याची गरज होती. या वेशाचा जन्म या गरजेतून झाला.

वेशाचे भाग तांड्याच्या शब्दांतच समजून घेणे योग्य ठरते. कमरेखालचा घेरदार घागरा म्हणजे फेटिया. तो बहुधा लाल किंवा गडद रंगाचा, जाड सुती, कमरेला भरतकामाचा पट्टा आणि खाली रंगीत काठ असलेला. पुढून आरशांनी आणि टाक्यांनी भरलेली, पाठ उघडी ठेवून बंदांनी बांधायची चोळी म्हणजे कांचळी. डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी म्हणजे छांटिया, आणि तिच्या कपाळावर येणाऱ्या काठाला जोडलेली जड, भरलेली पट्टी म्हणजे घुंगटो; वडीलधाऱ्यांसमोर हीच पट्टी पुढे ओढून मर्यादा राखली जाते. केसांत कानशिलाजवळ दोन्ही बाजूंना लोंबणारे चांदीचे घुगरी-टोपली हे विवाहित स्त्रीचे चिन्ह आहे, गळ्यातली हांसली, नाकातली भुरिया आणि दंडावरचे बलिया यांनाही आपापला अर्थ आहे. तपशील तांड्यागणिक बदलतो, परंतु सर्वसाधारण नियम हा की दंडावरच्या बांगड्या आणि कानशिलावरची चांदी सौभाग्याची, आणि पतीच्या मृत्यूनंतर ती उतरते. म्हणजे समोरून येणारी बाई कुमारी आहे, विवाहित आहे की विधवा, हे तांड्यातील माणसाला दहा पावलांवरून कळत असे. असा वेश घालणारी स्त्री कपड्यांच्या बाबतीत स्वच्छंद होती असे म्हणणे म्हणजे व्याकरणबद्ध भाषेला गोंगाट म्हणणे होय.

भरतकामातही हाच काटेकोरपणा आहे. दोन-तीन पदरी कापडावर उभे, आडवे आणि तिरके टाके इतके दाट घातले जातात की कापड जवळजवळ पुठ्ठ्यासारखे ताठ होते. बैलाच्या पाठीवरच्या घर्षणात आणि उन्हापावसात टिकण्यासाठी ही दाटी आवश्यक होती. खानदेश-माळव्याकडच्या बंजारा भरतात कापडाच्या विणीचे धागे मोजून घातलेली चौकोनी, भौमितिक नक्षी अधिक, तर कर्नाटक-तेलंगणकडे आरसे, शिसे आणि कवड्या अधिक; मराठवाडा या दोन प्रदेशांच्या मध्ये आहे. कर्नाटकातील सांडूरच्या लंबाणी भरतकामात चौदा प्रकारचे टाके मोजले जातात आणि त्यांत वेले, माकी, रेलो, कवडी अशी नावे आहेत. आरसा हा मूळचा अभ्रकाचा. पुढे गुजरातेतील कपडवंजसारख्या ठिकाणी फुगवलेल्या पातळ काचेचे तुकडे आले. आरसा टाक्यांच्या जाळीत असा अडकवतात की भोक न पाडता आणि डिंक न लावता तो पिढीभर हलत नाही. पैसा-सुपारी ठेवण्याची कोथळी, पाण्याच्या घड्याखालची चुंबळ आणि तिला मागे जोडलेली कवड्यांची झालर, बैलाच्या शिंगांची वेष्टणे, या साऱ्यांवर तेच हात फिरत आणि मुलगी हे काम आपल्या लग्नाच्या तयारीत शिकत असे. शिकवण्यासाठी नकाशा नव्हता. आईचा जुना फेटिया हेच पुस्तक होते.

याच जिल्ह्याच्या मातीत अंगभर दागिन्यांनी मढलेल्या स्त्रीची एक फार जुनी प्रतिमा आहे आणि तिचा उल्लेख इथे टाळता येत नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत या गावच्या दात्यांची नोंद आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे उत्खनन झाले आणि त्यात हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना मिळालेल्या सुमारे २४ सेंटिमीटर उंचीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी तिचे साम्य इतके आहे की पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असे मत काही अभ्यासकांनी मांडले. इतरांनी ती वायव्येकडची मानली आणि तो वाद मिटलेला नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या मूर्तीच्या हातांत मनगटापासून वर चढत गेलेल्या कंकणांच्या रांगा आहेत आणि पायांत पोटरीवर चढलेले जड वाळे. बंजारा समाज या भागात त्यानंतर कितीतरी शतकांनी आला, त्यामुळे दोहोंत वंशाचे नाते जोडणे गैर आहे. परंतु भारतीय स्त्रीचे दागिने समुद्रापलीकडच्या श्रीमंतांच्या घरात कौतुकाने ठेवले जाणे ही १९६० च्या दशकात सुरू झालेली गोष्ट नाही, एवढे या मूर्तीवरून निश्चित म्हणता येते.

१९६० चे दशक मात्र वेगळ्या अर्थाने निर्णायक ठरले, कारण तेव्हा युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय तरुण हा वेश पाहण्यासाठी नव्हे, तर अंगावर घालण्यासाठी पूर्वेकडे आले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू आणि शेवटी गोवा असा त्यांचा खुष्कीचा मार्ग होता. हिप्पी या नावाने ते ओळखले गेले आणि हणजूण, वागातोर, कळंगुट हे किनारे त्यांचे मुक्काम बनले. पैसे संपले की आपल्याजवळच्या वस्तू विकायच्या, या सवयीतून १९७० च्या दशकाच्या मध्यास हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला आणि त्याच्या सुरुवातीचे श्रेय ‘एट फिंगर एडी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन हिप्पीला दिले जाते. पुढे या बाजारात विक्रेते बदलले. काश्मिरी, तिबेटी आणि गुजराती व्यापाऱ्यांसोबत कर्नाटकातून आलेल्या लमाणी स्त्रिया आपल्या भरतकामाच्या पिशव्या, पट्टे आणि चादरी घेऊन बसू लागल्या, आणि त्यांच्या अंगावरचा वेश हीच त्यांच्या मालाची जाहिरात झाली. गोव्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकाने ‘बंजारा बॅग’ प्रथम पाहिली ती बहुधा इथेच, जालन्याच्या आठवडी बाजारात नव्हे.

त्याच काळात लंडन-पॅरिसचे शिंपी या वेशाला मोठ्या दुकानांत नेत होते. थिया पोर्टरने १९६६ मध्ये लंडनच्या सोहो भागात पूर्वेकडील कापडांचे दुकान काढले, अभिनेत्री तालिथा गेटी हिचे १९६९ मध्ये माराकेशच्या गच्चीवर काढलेले छायाचित्र या साऱ्या शैलीचे प्रतीक बनले, आणि १९७६ मध्ये ईव्ह सां लोराँ याने रशियन शेतकरी आणि जिप्सी स्त्रियांच्या वेशावर बेतलेला संग्रह सादर करून या शैलीला सर्वोच्च प्रतिष्ठा मिळवून दिली. महाराष्ट्रात तेव्हा या शैलीला समांतर, परंतु पूर्णतः वेगळ्या उगमाची एक लाट होती. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी आणि वाढलेली दाढी हा चळवळीतल्या तरुणाचा गणवेश सर्वोदयी आणि समाजवादी परंपरेतून आला होता, पॅरिसमधून नव्हे. त्या तरुणांपैकी अनेकजण तांड्यांत कामासाठी गेलेही. परंतु तिथल्या स्त्रीच्या वेशाकडे त्यांनी दारिद्र्याची खूण म्हणून पाहिले की कलेची, हा प्रश्न मराठी चळवळींच्या इतिहासात अजून नीट विचारला गेलेला नाही आणि तो विचारला जायला हवा.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीचा मार्ग बंद पडला. १९८० चे दशक रुंद खांद्यांच्या कोटांचे होते. घोळदार घागरे पेट्यांत गेले. २००४-०५ च्या सुमारास ते पुन्हा निघाले. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात सिएना मिलर आणि केट मॉस यांनी घातलेले कपडे वृत्तपत्रांत झळकले, एका उन्हाळ्यात चुण्यांचे घागरे आणि नाण्यांचे पट्टे स्वस्त दुकानांच्या मांडण्यांवर ढिगांनी आले, आणि दोन-तीन वर्षांत ते इतके सर्वत्र झाले की श्रीमंतांनी ते टाकून दिले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०४ मध्येच या यंत्रणेचे वर्णन केले होते : वरचा वर्ग वेगळे दिसण्यासाठी एक वेश धरतो, खालचा वर्ग त्याची नक्कल करतो, आणि नक्कल पूर्ण होताच वरचा वर्ग तो सोडून देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘क्लोए’ या फ्रेंच पेढीच्या नव्या दिग्दर्शिका शेमेना कमाली यांच्या पहिल्या सादरीकरणानंतर ही शैली परतल्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. अशा उतारात कुणाचे काहीही कायमचे जात नाही, कारण नमुने संग्रहात असतात, छायाचित्रे असतात, आणि वीस वर्षांनी पेटी उघडता येते.

जालन्याच्या तांड्यांतील उतार असा नाही. त्याची पहिली पायरी एकोणिसाव्या शतकातच आहे. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यातून धावू लागली आणि बैलांच्या पाठीवरची वाहतूक निरर्थक झाली. मिठावरील सरकारी मक्तेदारी आणि कर यांनी जुन्या धंद्याचा पाया त्याआधीच पोखरला होता. ज्या समाजाची रसद घेऊन इंग्रजांनी असई जिंकली, त्याच समाजाच्या गटांना १८७१ नंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली अनेक प्रांतांत जन्मजात गुन्हेगार ठरवण्यात आले. या कायद्याखाली नोंद, हजेरी आणि फिरण्यावर निर्बंध आले, आणि दुरून ओळखू येणारा वेश हा अभिमानाचा विषय होता तो धोक्याचाही बनला. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हे कायदे रद्द झाले आणि हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला गेला. संशयाची नजर मात्र अधिसूचनेने जात नाही.

साहित्याच्या पुरवठ्याची कथाही तितकीच महत्त्वाची आहे, कारण वेश केवळ इच्छेने टिकत नाही. फेटियाला आणि गळ्याला जडवली जाणारी नाणी ही चांदीची खरी बचत होती. राणीछाप आणि पंचम जॉर्जचे रुपये, निजामी राजवटीचा हाली शिक्का, चवल्या-पावल्या. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, आणि अंगावरचे नाणे हे धन न राहता नुसती सजावट झाले. अडचणीच्या वर्षी जुनी चांदी सराफाकडे गेली ती परतली नाही. दंडावरचे बलिया ऐपतीप्रमाणे हस्तिदंताचे किंवा हाडाचे असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार थांबवला, जे योग्यच होते, आणि त्यांची जागा पांढऱ्या प्लास्टिकने घेतली. भोकरदनच्या जिल्ह्यात हस्तिदंताचा शेवट असा झाला.

निर्णायक घाव मात्र श्रमाच्या बदललेल्या स्वरूपाने घातला. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर वर्ष निघत नाही म्हणून या तालुक्यांतील असंख्य बंजारा कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि पहाटेपासून उसाच्या फडात वाकून, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरावी लागते. आरसे आणि कवड्या टाकलेला जड फेटिया त्या फडात चालत नाही. अंगावर साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना सदरा येतो. जो वेश शेकडो मैल चालण्यासाठी घडला, तो पाच महिन्यांच्या वाकून केलेल्या मजुरीपुढे हरला. शिवाय भरतकाम ज्या महिन्यांत होत असे ते हिवाळ्याचे रिकामे महिनेच आता तांड्यात नाहीत. मुलगी आईसोबत फडावर असते किंवा आश्रमशाळेत, आणि दोन्ही ठिकाणी सुईदोरा शिकवणारी आजी जवळ नसते.

यात लाजेचाही भाग आहे आणि तो सांगितला पाहिजे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना मांडली. खालचा मानला गेलेला समाज प्रतिष्ठेसाठी वरच्या समाजाचे आचार, आहार आणि वेश स्वीकारतो, असा तिचा आशय. गावच्या बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये फेटिया घातलेल्या स्त्रीकडे ज्या नजरेने पाहिले जाई, त्या नजरेपासून सुटण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे साडी होता. म्हणून ज्या दशकांत युरोपातील श्रीमंत मुलगी वेगळे दिसण्यासाठी हा वेश घालत होती, त्याच दशकांत तांड्यातली मुलगी वेगळे दिसू नये म्हणून तो सोडत होती. तिला दोष देणे अन्यायाचे आहे. वेश टिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर हेटाळणीचा भार पडला त्यांच्यावरच टाकता येत नाही.

आज हा वेश तीजेच्या सणाला, होळीच्या लेंगी नृत्यात, बंजारा समाजाचे आराध्य संत सेवालाल महाराजांच्या १५ फेब्रुवारीच्या जयंतीला आणि वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या यात्रेत दिसतो. रोजचा पोशाख आता उत्सवाचा पोशाख झाला आहे, आणि उत्सवासाठी तो बाजारातून तयार घेतला जातो : चमकदार कृत्रिम कापड, यंत्राचे भरत, डिंकाने चिकटवलेले प्लास्टिकचे आरसे. हे कमी प्रतीचे असले तरी निरर्थक नाही, कारण पूर्वी लपवला जाणारा वेश आता मंचावर अभिमानाने येतो. पण हाताने भरलेला फेटिया आणि हा फेटिया यांत तेवढेच अंतर आहे जेवढे पैठणीत आणि पैठणीच्या छापील नकलेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. संग्रहालय वस्तू जपते. टाका मात्र हातात जपावा लागतो.

दरम्यान जुन्या वस्तूंचे काय होते आहे हे अधिक काळजीचे आहे. जुन्या कापडांचे व्यापारी भारतभरच्या तांड्यांतून जुने फेटिये, कांचळ्या आणि कोथळ्या विकत घेतात. मोठ्या शहरांत त्यांचे तुकडे कापून पिशव्या, उशांचे अभ्रे आणि जाकिटांच्या पाठी शिवल्या जातात आणि ‘व्हिंटेज बंजारा’ या नावाने परदेशी ग्राहकाला विकल्या जातात. प्रत्येक अशा पिशवीसाठी एक पूर्ण वस्त्र नष्ट होते. ज्या समाजात आईचे वस्त्र हेच मुलीचे पुस्तक होते, तिथे हे ग्रंथालय पानापानाने फाडून विकण्यासारखे आहे, आणि बोहेमियन शैलीची प्रत्येक नवी लाट ही मागणी पुन्हा वाढवते.

वेगळा मार्ग शक्य आहे, याचा पुरावा सांडूरने दिला आहे. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्याच्या या खाणपट्ट्यात १९८४ मध्ये सुरू झालेल्या सांडूर कुशल कला केंद्राने लंबाणी स्त्रियांना तांड्यातच काम दिले, २०१० मध्ये सांडूर लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० च्या संस्कृतीविषयक बैठकीच्या निमित्ताने लंबाणी भरतकामाच्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन गिनीज विक्रमात नोंदले गेले. भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट प्रदेशातील विशिष्ट वस्तूच्या नावावर तेथील उत्पादकांचा कायदेशीर हक्क. त्यामुळे दुसरीकडे यंत्रावर केलेली नक्कल त्या नावाने विकता येत नाही. परंतु या नोंदणीची हद्द सांडूरची आहे. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या तांड्यातील स्त्रीला तिचा काहीही उपयोग नाही.

मानांकन कसे मिळवायचे हे जालना जिल्ह्याला शिकवावे लागणार नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये आणि दगडी ज्वारीला २०२४ मध्ये ते मिळाले, म्हणजे नोंदी गोळा करणे, उत्पादकांचा गट उभा करणे आणि अर्ज तडीस नेणे हे सारे या जिल्ह्याच्या अनुभवात आहे. जालना बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांचा बाजार भरतो, म्हणजे धाग्याचा व्यापारही इथे नवा नाही. ज्वारीच्या एका वाणासाठी जे केले गेले ते तांड्यातील सुईसाठीही करता येईल, आणि त्याची सुरुवात अर्जाने नव्हे, तर नोंदीने व्हावी लागेल : कोणत्या तांड्यात कोणती वृद्ध स्त्री अजून हाताने भरत करते, तिला किती टाके येतात, त्यांची गोरमाटी नावे काय, आणि तिच्या पेटीत कोणती जुनी वस्त्रे उरली आहेत. हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी, बंजारा तरुणांना सोबत घेऊन, येत्या एक-दोन वर्षांत करावे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे चैत्राच्या आसपास तांड्यावर परततात. त्या दिवसांत आजी आणि नात दोघी घरी असतात, आणि गाठ घ्यायची ती तेव्हाच.